रात्रपाळीचा माणूस कामावर आला होता का?

वीस बाइट. रोजच्या तारखेची फाइल जागच्या जागी होती. नाव बरोबर, वेळ बरोबर, आणि प्रत्येक फाइलचं वजन तेवढंच, वीस बाइट. अंबाडी नाक्यावरून वाड्याकडे निघालं की लागणाऱ्या एका भातगिरणीचा हा हिशेब. जुलैमधल्या धुवांधार पावसात वीज दोनदा जाऊन आली, कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कने मान टाकली आणि मी बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप मोठ्या रुबाबात उघडायला गेलो. एप्रिलपासून पुढे तिथे काहीच नव्हतं.

गिरणीचे दिवाणजी तरुणपणी भिवंडीत यंत्रमागाच्या कारखान्यात मेहता होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “म्हणजे रात्रपाळीचा माणूस येतच नव्हता म्हणायचं?”

“येत होता, दिवाणजी. रोज साडेअकराला येत होता. रिकामी गोणी शिवत होता, वर तारीख घालत होता आणि थप्पीला लावून जात होता.”

लिनक्समध्ये ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करणाऱ्या या रात्रपाळीच्या माणसाचं नाव क्रॉन. युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीपासून तो नोकरीत आहे. आज आपल्या कॉम्प्युटरवर जो क्रॉन असतो तो बहुतेक वेळा पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनच्या वंशातला. डेबियन, उबुंटू आणि सी-डॅकचं डेबियनवर उभं असलेलं बॉस लिनक्स हे एक घराणं; रेड हॅट आणि फेडोरा हे दुसरं, तिथल्या क्रॉनला क्रोनी म्हणतात. माणूस जुना, विश्वासू आणि बिनडोक आहे. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच करतो, जमलं नाही तर कुणाला उठवत नाही. ‘क्रॉन चालत नाही’ अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा दहातल्या नऊ वेळा क्रॉन चाललेला असतो. काम झालेलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

(या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कीबोर्डवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजीच.)

आधी हजेरी बघा

मागावर धागा तुटला तर चांगला जॉबर, म्हणजे मागाचा मिस्त्री, लगेच पाना हातात घेत नाही. धागा कुठे तुटला ते आधी बघतो. इथेही चिठ्ठी खरडून दुरुस्त करण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: काम सुरूच झालं नाही, की सुरू होऊन मध्येच मेलं? या दोन आजारांची औषधं वेगळी आहेत. ते न ठरवता लोक वेळेचे आकडे बदलत बसतात आणि संध्याकाळ जाते.

डेबियन घराण्यात ‘जर्नलसीटीएल -यू क्रॉन’ आणि रेड हॅट घराण्यात ‘जर्नलसीटीएल -यू क्रॉनडी’ ही आज्ञा दिली की क्रॉनची हजेरीवही उघडते. जुन्या लेखांत ‘/व्हार/लॉग/सिसलॉग’ बघा असं लिहिलेलं असतं. डेबियन १२ पासून ती फाइल नव्या मांडणीत आपोआप येत नाही, तेव्हा ती दिसली नाही म्हणून घाबरू नका. रेड हॅटवर ‘/व्हार/लॉग/क्रॉन’ असते. ठरलेल्या वेळेसमोर तुमच्या कामाची ओळ आणि तिच्यात ‘सीएमडी’ ही अक्षरं दिसली, तर माणूस कामावर आला होता. एवढंच. काम नीट झालं की नाही, याबद्दल ती ओळ एक अक्षर सांगत नाही. आमच्या गिरणीच्या वहीत तीन महिने रोज ही ओळ होती.

ओळच नसेल तर ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस क्रॉन’ (रेड हॅटवर ‘क्रॉनडी’) देऊन सेवा मुळात चालू आहे का बघा. चालू असेल तर सगळ्यात साधी परीक्षा घ्या: दर मिनिटाला ‘डेट’ आज्ञेचं उत्तर ‘/टीएमपी/हजेरी.टीएक्सटी’ मध्ये जोडत जाणारी ओळ, म्हणजे पाच तारे आणि पुढे आज्ञा, क्रॉनच्या यादीत घाला. दोन मिनिटं चहा प्या. फाइलमध्ये दोन वेळा उमटल्या, तर क्रॉन ठणठणीत आहे आणि दोष तुमच्या ओळीत आहे.

ओळ कुठे लिहिली, हेही बघा. ‘क्रॉनटॅब -ई’ ने लिहिलेली यादी त्या त्या वापरकर्त्याची असते. ‘सुडो’ लावून तीच आज्ञा दिली की रूटची यादी उघडते. दोन वेगळ्या वह्या. एकीत लिहून दुसरीत शोधणारे मी पुष्कळ पाहिलेत, त्यात मीही होतो. ‘/ईटीसी/क्रॉनटॅब’ आणि ‘/ईटीसी/क्रॉन.डी’ मधल्या फाइलींत वेळेच्या पाच रकान्यांनंतर सहावा रकाना असतो, काम कुणाच्या नावाने करायचं त्याचा. स्वतःच्या यादीत तो नसतो. एकीकडची ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की क्रॉन ‘रूट’ या नावाची आज्ञा शोधत बसतो आणि ती सापडत नाही.

डेबियन घराण्याचं एक खास खूळ आहे. ‘क्रॉन.डी’ किंवा ‘क्रॉन.डेली’ या फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब असेल तर ती फाइल तो वाचतच नाही. आपण हौसेने ‘बॅकअप.एसएच’ असं नाव ठेवतो आणि ते काम आयुष्यात कधी चालत नाही. वहीत चूकही उमटत नाही, कारण त्याच्या लेखी ती फाइलच नाही. नुसतं ‘बॅकअप’ नाव ठेवा. शिवाय ‘क्रॉन.डी’ मधली फाइल रूटच्या मालकीची हवी आणि इतरांना तिच्यात लिहायची मुभा नको. फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेला असावा; तो नसला तर क्रॉन ती फाइल बिघडलेली धरतो. आणि स्क्रिप्ट विंडोजवर नोटपॅडमध्ये लिहून पेनड्राइव्हने आणली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य खूण येते. मग पहिल्या ओळीत नाव दिलेला शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रामच, सापडत नाही. ‘डॉस२युनिक्स’ ही छोटी आज्ञा ती खूण काढते.

जाता जाता: ‘क्रॉनटॅब -ई’ म्हणजे यादी उघडा आणि ‘क्रॉनटॅब -आर’ म्हणजे यादी पुसा. ‘ई’ आणि ‘आर’ ची बटणं कीबोर्डवर शेजारी शेजारी आहेत आणि पुसण्याआधी तो साधारणपणे विचारतही नाही. ज्याने ही अक्षरं निवडली त्याची बोटं बारीक असणार. यादीला हात लावण्यापूर्वी ‘क्रॉनटॅब -एल’ चं उत्तर एका फाइलमध्ये ठेवून द्यायची सवय लावून घ्या.

हाताने चालतं, रात्री का चालत नाही?

आता गिरणीच्या आजाराकडे. एप्रिलमध्ये मीच तिथला डेटाबेस बदलला होता. आधीचा डेटाबेस उबुंटूबरोबर आलेला होता, त्याची हत्यारं ‘/यूएसआर/बिन’ मध्ये होती. नव्याचं बोचकं ‘/ओपीटी’ खाली गेलं. डेटा बाहेर काढणारी ‘मायएसक्यूएलडंप’ ही आज्ञा मला लगेच मिळावी म्हणून तिचा पत्ता मी माझ्या ‘.बॅशआरसी’ फाइलमध्ये ‘पाथ’ला, म्हणजे आज्ञा शोधायच्या जागांच्या यादीला, जोडला. बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवून बघितली, फाइल झाली, वजनही चांगलं आलं. मी समाधानाने घरी गेलो.

क्रॉन मात्र तुमची ‘.बॅशआरसी’ वाचत नाही. दिवसपाळीच्या कामगाराने आपली हत्यारं आपल्या कपाटात ठेवावीत आणि रात्रपाळीच्या माणसाकडे त्या कपाटाची किल्लीच नसावी, तसं हे आहे. त्याचा ‘पाथ’ बहुतेक ठिकाणी फक्त ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच असतो. म्हणून रात्री साडेअकराला ‘मायएसक्यूएलडंप’ सापडली नाही. तिचं उत्तर पुढे ‘जीझिप’कडे जायचं होतं. जीझिपला काहीच मिळालं नाही, आणि त्याने ते काहीच-नाही इमानेइतबारे दाबून बंद केलं. दहा बाइटचं डोकं, दोन बाइटचं रिकामं पोट, आठ बाइटची शेपटी. वीस बाइट झाले.

इथे आणखी एक पाचर आहे. आज्ञांची साखळी केली की शेल निकाल शेवटच्या आज्ञेचा धरतो. जीझिप यशस्वी झाला, म्हणून सगळं काम यशस्वी. बॅशमध्ये ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहिलं तर मधल्या कडीचं अपयशही मोजलं जातं. पण क्रॉन काम बॅशमध्ये चालवत नाही, ‘/बिन/एसएच’ मध्ये चालवतो, आणि डेबियन घराण्यात त्या नावामागे डॅश नावाचा सडसडीत शेल असतो. त्याला बॅशचे कितीतरी लाड कळत नाहीत. तेव्हा स्क्रिप्टची पहिली ओळ ‘/बिन/बॅश’ चीच ठेवा, ‘सेट -ओ पाइपफेल’ त्या स्क्रिप्टमध्ये लिहा आणि क्रॉनच्या यादीत फक्त स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता द्या. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी, म्हणजे ‘सीएचमॉड +एक्स’, दिलेली असू द्या. लांबलचक आज्ञा क्रॉनच्या ओळीत कोंबण्यात शहाणपणा नाही.

रात्रपाळीच्या खोलीत काय काय आहे हे डोळ्यांनी बघता येतं. यादीत तात्पुरती एक ओळ घाला, ‘एन्व्ह’ आज्ञेचं उत्तर एका फाइलमध्ये लिहिणारी. मग तीच आज्ञा आपल्या टर्मिनलमध्ये द्या आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. तुमची यादी पानभर भरते, त्याची पाचसहा ओळींत संपते. मी नव्या मुलांना हा प्रयोग पहिल्या दिवशी करायला लावतो. नंतरचे निम्मे प्रश्न ते विचारत नाहीत.

त्या यादीत नसलेल्या गोष्टींपैकी आपल्याला खास नडते ती भाषा. काही यंत्रणांवर क्रॉनच्या खोलीत ‘लँग’ ठरलेलं नसतं. दिवसा ‘पाटील’, ‘म्हात्रे’, ‘भोईर’ अशी गिऱ्हाइकांची नावं मराठीत नीट छापणारी पायथनची स्क्रिप्ट रात्री पहिल्याच ‘प’ वर कोसळते. पायथन ३.७ पासून पुढच्या आवृत्त्या या बाबतीत बऱ्याच सुधारल्यात, पण जुनी यंत्रं अजून सर्रास चालू आहेत. यादीच्या डोक्यावर ‘लँग’ ची ओळ लिहून ‘सी.यूटीएफ-८’ दिलं की बहुतेक वेळा नावं परत माणसात येतात.

तसंच एसएसएच किल्लीचं. तुमच्या सत्रात एजंट चालू असतो, किल्लीचा गुप्त शब्द त्याच्या ध्यानात असतो. क्रॉनला तो एजंट दिसत नाही. दूरच्या सर्व्हरवर फाइल पाठवायची असेल तर त्या एकाच कामापुरती, मोजक्या अधिकारांची वेगळी किल्ली करावी लागते.

टक्क्याचं चिन्ह

याला वेगळा परिच्छेद द्यावा इतका हा एक किडा माणसं खातो. फाइलला तारखेचं नाव द्यायला आपण ‘डेट’ आज्ञेत टक्का-वाय, टक्का-एम, टक्का-डी लिहितो. टर्मिनलमध्ये सुरेख चालतं. क्रॉनच्या यादीत मात्र टक्का म्हणजे नवी ओळ: पहिल्या टक्क्याशी आज्ञा तुटते आणि उरलेला मजकूर त्या आज्ञेच्या तोंडात अन्न म्हणून ढकलला जातो. वहीत आज्ञा अर्धीच दिसली की हाच किडा समजा. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, किंवा वर सांगितलं तसं सगळं स्क्रिप्टमध्ये हलवा. स्क्रिप्टमध्ये टक्का निरुपद्रवी असतो.

घड्याळ कुणाचं?

बाहेरून भाड्याने घेतलेले सर्व्हर बहुधा यूटीसी वेळेवर असतात. आपण साडेपाच तास पुढे. तिथे रात्री साडेअकराला लावलेलं काम इथे पहाटे पाचला होतं. मध्यरात्री दोनला लावलेलं इथे सकाळी साडेसातला, नेमकं पहिला ट्रक काट्यावर उभा असतो आणि पावती निघत नाही म्हणून ड्रायव्हर हॉर्न देत असतो तेव्हा. फाइलच्या नावातली तारीखही घोळ घालते. इथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा यूटीसीत अजून कालचाच दिवस असतो, मग ‘आजचा बॅकअप झालाच नाही’ अशी हाकाटी होते.

‘टाइमडेटसीटीएल’ दिलं की यंत्राची वेळ आणि तिचा प्रदेश दिसतो. आपला प्रदेश ‘एशिया/कोलकाता’. मुंबईच्या नावाची नोंद त्या यादीत शोधू नका, सापडणार नाही. खरं तर मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं. १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही मुंबईने ३९ मिनिटं मागे चालणारा आपला बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सोडला नव्हता. तेव्हा क्रॉन असता तर कल्याणला गाडी बदलताना त्याचे काय हाल झाले असते! असो. प्रदेश बदललात तर क्रॉन पुन्हा सुरू करा, नाहीतर तो जुन्याच वेळेवर चालत राहतो. घड्याळ इंटरनेटवरून मिळवून घ्या. भारतीय प्रमाणवेळेची राखण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे आणि सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्यांना तिथल्या किंवा एनआयसीच्या वेळेशी घड्याळं जुळवायला आणि नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे. नोंदी जपल्या की आपल्यालाही मागचं शोधता येतं.

न्यू जर्सीतल्या भाच्याचा सर्व्हर सांभाळत असाल तर आणखी एक कटकट: तिथे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे जातं, नोव्हेंबरमध्ये मागे येतं. त्या दोन रात्री एक ते तीनच्या मध्ये काही लावूच नका.

वेळेच्या रकान्यांत एक चकवा आहे. पाच रकाने म्हणजे मिनिट, तास, तारीख, महिना, वार. गिरणीवर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पगारपत्रक काढायचं म्हणून मी तारीख ‘१-७’ आणि वार ‘६’ लिहिलं. पगारपत्रक पहिले सात दिवस रोज निघालं, शिवाय महिन्यातल्या प्रत्येक शनिवारी. तारीख आणि वार दोन्ही भरले की क्रॉन त्यांच्यामध्ये ‘आणि’ धरत नाही, ‘किंवा’ धरतो. उपाय असा: रकान्यात फक्त ‘१-७’ ठेवा आणि आज शनिवार आहे का हे स्क्रिप्टच्या सुरुवातीला तपासा. महिनाअखेरीचंही तसंच, २८ ते ३१ रोज चालवा आणि उद्या १ तारीख आहे का ते बघा.

वीज गेली तेव्हा

आमच्याकडे पावसाळ्यात हा खरा प्रश्न. साडेअकराला यंत्र बंद असेल तर साडेअकराचं काम गेलं. वीज पावणेबाराला आली तरी क्रॉन मागचं भरून काढत नाही, त्याच्या लेखी ती वेळ होऊन गेलेली असते. लोकांना हे पटत नाही, पण नियम तोच आहे.

यावर दोन औषधं. जुनं औषध ॲनाक्रॉन: ते ‘किती वाजता’ विचारत नाही, ‘किती दिवस झाले’ विचारतं. काल झालं नसेल तर यंत्र सुरू झाल्यावर थोड्या वेळाने करून टाकतं. त्याचं सगळ्यात लहान माप एक दिवस, तासाभराची कामं त्याला सांगता येत नाहीत. डेबियन घराण्यातल्या बऱ्याच आवृत्त्यांत लॅपटॉप बॅटरीवर असेल तर ते सुरूही होत नाही, हे लॅपटॉपवर बॅकअप लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. नवं औषध सिस्टिमडीचा टाइमर. त्यात ‘पर्सिस्टंट’ समोर ‘ट्रू’ लिहिलं की चुकलेली फेरी यंत्र उठल्यावर भरली जाते. ‘सिस्टिमसीटीएल लिस्ट-टाइमर्स’ ने मागची फेरी कधी झाली आणि पुढची कधी हे एका नजरेत दिसतं, आणि कामाचं सगळं बोलणं आपोआप जर्नलमध्ये राहतं. नवीन काम लावायचं असेल तर मी आता टाइमरच लावतो. लिहायला दोन फाइली लागतात, तेवढा कंटाळा करू नये. वेळ बरोबर लिहिली का ते ‘सिस्टिमडी-ॲनलाइझ कॅलेंडर’ सांगतं. एक खोड मात्र सांगून ठेवतो: वापरकर्त्याच्या नावाने लावलेले टाइमर तो लॉगआउट झाला की झोपतात. ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ दिल्यावरच ते रात्रभर जागतात.

रास्पबेरी पायचं दुखणं निराळं. वज्रेश्वरीजवळ शेती असलेल्या एका मित्राने त्यावर पहाटे चारला पंप सुरू करायची सोय केली होती. रात्री वीज जाऊन आली की पंप लागायचा नाही, आणि एखाद्या वेळी भलत्याच वेळी लागायचा. पाय ४ पर्यंतच्या पाटीवर वेळ राखणारं घड्याळच नाही. पाय ५ वर आहे, पण त्याला बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली की पायचं घड्याळ थांबतं, आली की शेवटच्या जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे चालायला लागतं आणि इंटरनेट मिळालं की एकदम उडी मारतं. विक्सीच्या क्रॉनचा इथे एक हिशेब आहे. उडी तीन तासांपेक्षा कमी असेल तर मधली ठरल्या वेळेची कामं तो लगेच उरकतो. त्याहून मोठी असेल तर घड्याळ कुणीतरी दुरुस्त केलं असं समजून मधलं सगळं सोडून देतो. म्हणजे वीज दोन तास गेली तर पंप उशिरा लागणार, चार तास गेली तर लागणारच नाही. मित्राला हे भुताटकीसारखं वाटत होतं. आम्ही पाटीवर छोटं घड्याळ बसवलं आणि भूत गेलं.

डिस्क लागली होती का?

हा आजार वीस बाइटपेक्षा लबाड. बाहेरची डिस्क एका फोल्डरवर जोडलेली असते. कुणी झाडू मारताना केबल ओढली गेली, तर डिस्क जाते पण फोल्डर राहतो. स्क्रिप्ट त्या रिकाम्या फोल्डरमध्ये आनंदाने बॅकअप लिहिते, म्हणजे ज्या डिस्कपासून वाचायचं तिच्यावरच. फाइल दिसते, वजनही खरं असतं. हळूहळू मूळ डिस्क भरते, आणि केबल पुन्हा लावली की त्या फाइली खाली झाकल्या जातात, शोधूनही सापडत नाहीत. स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू’ ने डिस्क खरोखर लागली आहे का ते तपासा, नसेल तर तिथेच थांबा. जागा ‘डीएफ -एच’ ने बघा. जागा असूनही ‘जागा नाही’ म्हणत असेल तर ‘डीएफ -आय’ ने बघा. लाखो बारीक फाइलींनी नोंदींची वही भरलेली असते.

बॅकअप मोठा होत गेला की एका फेरीत दुसरी घुसते. ‘फ्लॉक -एन’ लावलं की आधीचं संपल्याशिवाय नवं सुरू होत नाही. पासवर्डची मुदत संपलेल्या वापरकर्त्याची कामंही क्रॉन नाकारतो, ती मुदत ‘चेज -एल’ ने दिसते.

बोलतं करा

क्रॉनच्या कामाने काही उत्तर दिलं किंवा चूक ओरडून सांगितली, तर क्रॉन ती त्या वापरकर्त्याला मेलने कळवतो. आपल्या यंत्रावर मेल पोचवणारं कुणी बसवलेलंच नसतं. मग डेबियनचा क्रॉन वहीत लिहितो की मेलची सोय नाही, उत्तर टाकून दिलं. ही ओळ दिसली की समजा, चूक ओरडून सांगितली गेली होती आणि ऐकायला कुणी नव्हतं. त्यात आपण ओळीच्या शेवटी सगळं ‘/डेव्ह/नल’ मध्ये ढकलतो, म्हणजे तोंडावर हातही ठेवतो. तसं करू नका. उत्तर आणि चूक दोन्ही एका फाइलमध्ये जोडा. आधी फाइलचं नाव, मग ‘२>&१’, हा क्रम; उलटा लिहिला तर चुका फाइलमध्ये जात नाहीत.

गिरणीच्या स्क्रिप्टमध्ये आता चार तपासण्या आहेत. डिस्क लागली आहे का, फाइल कालच्या निम्म्यापेक्षा हलकी आहे का, ‘जीझिप -टी’ ने ती धड आहे का, आणि तिच्या शेवटी डेटाबेसने लिहिलेली ‘डंप पूर्ण झाला’ ही ओळ आहे का. मग एक ओळ दिवाणजींच्या फोनवर जाते: तारीख, वजन, ठीक किंवा बिघाड. काम बिघडलं तरच निरोप पाठवायची मांडणी मी मुद्दाम केली नाही. यंत्र बंद असेल तर बिघाडाचा निरोपही येणार नाही, आणि आपण शांतता म्हणजे सगळं ठीक असं समजून बसू. रोज निरोप यायचा. नाही आला तर तोच निरोप.

शिवाय दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही दोघं जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवतो आणि दिवाणजी आठवून एखादी पावती मागतात. “बारा तारखेची, कोलमची, सत्तावीस गोणी.” ती पडद्यावर आली की पुढचा चहा त्यांचा. जुलैत गेलेल्या महिन्यांच्या पावत्या आम्ही कच्च्या चिठ्ठ्यांवरून अकरा दिवस बसून पुन्हा भरल्या होत्या, त्यामुळे आकडे त्यांना पाठच आहेत.

परवा सकाळी सातला त्यांचा फोन आला. “अहो, तुमचा रात्रपाळीचा माणूस आला होता, पण काल चार एमबी आणले होते, आज तीनच. गोणी हलकी लागतेय.” मी बघितलं. स्क्रिप्टच्या हिशेबात ते निम्म्याच्या वरच होतं, म्हणून ‘ठीक’ उमटलं होतं. कुणीतरी मागच्या वर्षीची जुनी नोंदवही पुसली होती. पुसणारा मीच होतो, हे मी त्यांना चहा घेताना सांगितलं.